वडिलांचे सगळे दात बसवायचेत: इम्प्लांट करावं की कवळीवरच भागवावं?

मांजराकाठ
राम राम मंडळी.

वडील ६९ वर्षांचे, जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त, मुक्काम केज तालुक्यात. मी नोकरीनिमित्त पुण्यात. त्यांचे वरचे सगळे दात गेलेत, खाली समोरचे चार-पाच उरलेत, तेही हलतात. शुगर आहे, गोळ्या चालू. तंबाखू होती, आता सोडली म्हणतात. वरची कवळी बरी बसते. खालची मात्र तोंडात कमी आणि देवघरातल्या कोनाड्यात जास्त असते. भाकरी दुधात कुस्करून खातात, शेंगदाण्याची चटणी तर बंदच झाली.

तीन ठिकाणी दाखवलं. लातूरचे डॉक्टर म्हणाले, वर चार, खाली चार इम्प्लांट (हाडात बसवायचे टायटॅनियमचे स्क्रू) टाकू आणि त्यावर फिक्स दात देऊ, दोन्ही जबड्यांचे मिळून पाच लाखांच्या आसपास. संभाजीनगरला सांगितलं की वर हाड कमी आहे, सहा लागतील, खर्चही वाढेल. तिसरे एक जाहिरातवाले: '७२ तासांत फिक्स दात, हाड भरायची गरज नाही', साडेतीन लाख. तिघांची तीन तोंडं.

पैशाची सोय होईल कशीतरी. पण घालून तीन-चार वर्षं झालेल्या कुणाचा अनुभव असेल तर सांगा. नवे नवे तर सगळेच खूश असतात.

उसाचा_रस
दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत.

गोदाकाठ
ही म्हण पहिल्याच प्रतिसादात पडणार हे माहीतच होतं :)

मांजराकाठ दादा, आमच्या आईचं केलंय, नांदेडला. फक्त खालचा जबडा, चार इम्प्लांट. चौथं वर्ष चालू आहे. आज ती भाकरी, शेंगा, पेरू सगळं खायलीय. पण जाहिरातीत सांगत नाहीत ते सांगतो.

पहिलं म्हणजे 'एका दिवसात दात' हे खरं आहे आणि खोटंही. त्या दिवशी बसवतात ते तात्पुरते, प्लास्टिकचे. पुढचे तीन-चार महिने खिचडी, उपमा, मऊ भात, वरण. आईनं दुसऱ्या आठवड्यात गपचूप भाजलेला मका खाल्ला आणि तात्पुरत्या दाताचा तुकडा पडला. डॉक्टर लई चिडले. इम्प्लांट हललं नाही हे नशीब.

दुसरं म्हणजे घरी कोण आहे ते बघा. आईजवळ माझी वहिनी आहे, रोज रात्री समोर बसून साफ करून घेते. वहिनी नसती तर हे चाललं नसतं असं माझं मत.

स्पष्टवक्ता_जालना
हे सगळं लुटायचं काम आहे. आमचे आजोबा वयाच्या साठीपासून बिनदाताचे, ८८ पर्यंत जगले. हिरड्यांनी मटण खात होते. आता प्रत्येक गल्लीत दाताचा दवाखाना आणि प्रत्येकाला चार-चार लाख पाहिजेत.

लातूरची_सून
@स्पष्टवक्ता, आजोबा मटण खात होते, पण ते मटण सकाळपासून चुलीवर कोण शिजवत होतं ते पण सांगा. आजीला विचारायला हवं होतं.

आमच्या सासूबाईंचं सांगते. आयुष्यभर मिसरी लावली. पन्नाशीत हिरड्या सुटल्या, साठीला सगळे दात गेले. वर-खाली कवळी केली. वरची घट्ट बसते, खालची बोलताना उडते. एकदा लग्नात आहेर देताना 'घ्या' म्हणाल्या आणि कवळी ताटात. तेव्हापासून बाहेर जेवतच नाहीत. वेळ अमावस्येला शेतात गेलो की भज्जी आणि आंबील मात्र पोटभर, कारण त्याला दात लागत नाहीत. बाकी वर्षभर नुसतं 'मला भूक नाही'. वजन उतरूलालंय, हे आम्हाला उशिरा लक्षात आलं.

आम्हीही इम्प्लांटचा विचार करूलालाव. धागा वाचते आहे.

दंतकथा
मी परभणीकडे प्रॅक्टिस करतो, कृत्रिम दात हाच विषय. दवाखान्याचं नाव सांगणार नाही, सल्ला फुकट आहे.

आधी थोडं मुळातलं. टायटॅनियम हाडाला चिकटतं हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशांवर दुसराच प्रयोग करताना कळलं. सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढायला गेले तर निघेना, हाड त्याला धरून बसलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट टाकले. तो गृहस्थ २००६ मध्ये वारला तोवर ते इम्प्लांट टिकले. म्हणजे वस्तू नवी नाही, फसवी तर नाहीच.

चार इम्प्लांटवर पूर्ण जबडा ही पद्धत पोर्तुगालच्या पाउलो मालो यांनी १९९० च्या दशकात रूढ केली. मागचे दोन तिरपे टाकतात, तंबूच्या खुंट्या ठोकतो तसे. वरच्या जबड्यात मागं सायनसची पोकळी असते, खालच्यात मज्जातंतू असतो. तिरपं गेलं की दोन्ही टळतात आणि लांब इम्प्लांट बसतं. हाड भरायची गरज बहुतेक वेळा यामुळेच पडत नाही. त्यामुळे चार सांगणारा अडाणी आणि सहा सांगणारा लुटारू असं समजू नका. वरचं हाड मऊ असतं, तिथं सहा सांगणं अनेकदा रास्त असतं. सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) बघितल्याशिवाय आकडा सांगणाऱ्याकडे मात्र जाऊ नका.

इम्प्लांट फिरवून बसवताना पकड किती आली ते यंत्रावर मोजतात. साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटर किंवा जास्त आली तर तात्पुरते दात लगेच देता येतात. नाही आली तर हिरडी शिवून तीन ते सहा महिने थांबायचं. हे ऑपरेशनच्या वेळीच कळतं. त्यामुळे '७२ तासांत'ची आधीच हमी देणाऱ्याला एवढंच विचारा, की पकड आली नाही तर काय करणार?

मांजराकाठ, तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) किती? तंबाखू खरंच बंद आहे का? आणि खालचे दात हलतात म्हणजे किती हलतात, विशेषतः सुळे?

किनवटकर
डॉक्टरसाहेब, आमच्या किनवटकडं पाण्यातच फ्लोराइड. पोरांचे दात दुधाच्या दातांनंतर लगेच पिवळे-तपकिरी. म्हातारपणी दात पडतात ते त्याच्यामुळंच ना?

दंतकथा
@किनवटकर, फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की दातावर डाग पडतात, खूप जास्त आणि खूप वर्षं गेलं तर हाडांनाही त्रास होतो. तुमच्या भागात हा प्रश्न खरा आहे. पण दात हलून पडतात ते बहुतेक हिरड्यांच्या आजारानं. आपल्याकडं त्यात भर मिसरी, तंबाखू, गुटख्याची. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे म्हणे. माझ्या खुर्चीवर बसणाऱ्यांच्या तोंडाकडं बघून तसं वाटत नाही.

गुटखेवाल्यांचं आणखी एक. तोंडच उघडत नाही. दोन बोटं जात नाहीत अशा तोंडात इम्प्लांटचं ड्रिल शिरणार कसं? तिथं आधी तोंड उघडण्याचा इलाज, मग बाकी.

उसाचा_रस
बंदीनंतर आमच्या टपरीवर एकच फरक पडला, पुडी आता काउंटरच्या खालून मिळते.

आकडेमोड
मूळ मुद्द्यावर येऊ. पाच लाख म्हणजे किती? २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८. म्हणजे साधारण ९४ क्विंटल सोयाबीन तोंडात बसवायचं. तेही हमीभावानं विकलं गेलं तर.

आता सरळ बोलतो. कोटेशन लेखी घ्या आणि त्यात काय आहे ते ओळीनं लिहून घ्या. उरलेले दात काढणं, स्कॅन, तात्पुरते दात, कायमचे दात. पुष्कळ ठिकाणी साडेतीन लाख म्हणजे तात्पुरत्या दातांपर्यंतचा आकडा असतो, 'फायनल' वेगळं. शिवाय फायनल कशाचं? धातूच्या पट्टीवर ॲक्रिलिक (प्लास्टिक) असेल तर दर वेगळा, झिरकोनिया (कडक सिरॅमिक) असेल तर वेगळा. ॲक्रिलिक झिजतं पण दुरुस्त होतं. झिरकोनिया झिजत नाही, पण तडकलं तर बहुधा सगळंच नव्यानं करावं लागतं.

मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका. बहुतेक पॉलिसीत दाताचा खर्च अपघात सोडला तर बसत नाही. दवाखानेवाले 'बिनव्याजी हप्ते' देतात, त्यात प्रोसेसिंग फी आणि रोख दिल्यास मिळणारी सवलत किती गेली ते आधी विचारा.

पैठणी
मी सहसा लिहीत नाही. पण ७२ तासांचं वाचून राहवलं नाही.

आमच्या यजमानांचं त्याच पद्धतीनं केलं, खालचा जबडा, गाव आणि दवाखान्याचं नाव नको. तिसऱ्या दिवशी दात बसले, आठवड्यात चटणी-भाकरी. खरोखर आनंद झाला. वर्ष-दीड वर्ष उत्तम. मग तोंडाला वास यायला लागला. दुखत काहीच नव्हतं, म्हणून दुर्लक्ष झालं. सगळे दात एका पट्टीत जोडलेले असतात ना, मग मागचा एक इम्प्लांट सैल झाला तरी बाकीचे त्याला धरून ठेवतात. कळेपर्यंत त्याच्याभोवतीचं हाड गेलं होतं.

परत गेलो तर दवाखाना तिथं नाही, डॉक्टर दुसऱ्या शहरात. संभाजीनगरला एका चांगल्या डॉक्टरांकडे गेलो, ते म्हणाले मी काढून साफ करतो, पण हे सिमेंटनं चिकटवलंय, कापूनच काढावं लागेल. आणि इम्प्लांट कोणत्या कंपनीचं, कोणत्या मापाचं, याचा एकही कागद आमच्याकडे नाही. प्रत्येक कंपनीचा पाना वेगळा असतो हे तेव्हा कळलं.

पद्धत वाईट की डॉक्टर वाईट, मला माहीत नाही. पण कागद मागून घ्या.

दंतकथा
पैठणी ताई, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात उपयोगाचा आहे.

७२ तासांवाली पद्धत बहुधा बेसल इम्प्लांटची असते. लांब, गुळगुळीत स्क्रू आत खोलवर कडक हाडात अडकवतात. हाड अगदीच झिजलेल्या माणसाला ती उपयोगी पडते, मी सरसकट नावं ठेवणार नाही. पण बिघडल्यावर दुरुस्ती अवघड, आणि ती जाणणारे कमी.

दात स्क्रूनं बसवलेले असावेत, सिमेंटनं नव्हे. स्क्रू असला की वर्षातून एकदा सगळं उतरवून साफ करता येतं. इम्प्लांटच्या डबीवर स्टिकर असतं, त्यावर कंपनी, व्यास, लांबी, लॉट नंबर. ते स्टिकर तुमच्या कार्डावर चिकटवून मागा, तो तुमचा हक्क आहे. उद्या दुसऱ्या गावी दाखवायची वेळ आली तर ते कार्ड लागतं. स्ट्रॉमन, नोबेल ही नावं महाग आहेत. कोरियन ऑस्टेम, इस्रायली ॲडिन आपल्याकडं सर्रास वापरतात. दहा वर्षांनी ज्याचे सुटे भाग मिळतील ते घ्या, एवढंच.

हुरडा_आणि_गूळ
सगळं ठीक. पण हुरडा खाता येतो का? हा खरा प्रश्न. पौषात शेतावर जायचं आणि वडिलांनी नुसती आगटी शेकायची याला काय अर्थ?

गोदाकाठ
आमची आई खायलीय की. गूळभेंडीचा कोवळा असला तर. जून झालेला कणसाचा दाणा मात्र अडकतो, दातांच्या आणि हिरडीच्या मधल्या फटीत. मग पाण्याचा पिचकारीवाला ब्रश काढावा लागतो.

स्पष्टवक्ता_जालना
पाण्याची पिचकारी! आमच्याकडं नळाला आठ दिवसांनी पाणी. दात धुवायला टँकर बोलवायचा का?

गोदाकाठ
एका वेळेला पेलाभर पाणी लागतं ओ. टँकर नको, तांब्या पुरे.

निवृत्त_हेडमास्तर
मी ७१ वर्षांचा, मराठवाड्यातल्याच एका तालुक्याच्या गावी राहतो. नातवानं हा धागा दाखवला. येथे सगळे 'आईचं केलं, वडिलांचं केलं' असं लिहीत आहेत, ज्याच्या तोंडात आहेत त्यानंही लिहावं म्हणून लिहितो.

माझे वर आणि खाली दोन्ही फिक्स आहेत, वर सहा, खाली चार. शस्त्रक्रियेचं फार काही वाटलं नाही, भूल देतात, आवाज तेवढा येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहरा सुजला आणि गाल काळे-निळे झाले. शेजारच्या बाईंनी सौभाग्यवतींना विचारलं की गुरुजी पडले की काय. आठवड्यात उतरलं.

अवघड गेलं ते बोलणं. 'स' आणि 'श' शीळ घालत येत. पस्तीस वर्षं वर्गात बोललेला माणूस मी, फोनवर बोलायला लाजू लागलो. डॉक्टरांनी सांगितलं मोठ्यानं वाचत जा. मी रोज संध्याकाळी हरिपाठ मोठ्यानं म्हणू लागलो. महिना-दीड महिन्यात जीभ सरावली.

जेवणाबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. आपल्या दाताला आपण किती जोरात चावतो हे कळतं, इम्प्लांटला कळत नाही. भाकरीत बारीक खडा आला तर आपला दात लगेच ओरडतो, हा गप्प बसतो. त्यामुळे हळू चावायला शिकावं लागलं. चव मात्र पूर्ण आली, कारण टाळू मोकळा झाला. वरच्या कवळीनं टाळू झाकला जातो, गरम-गार आणि आमटीचा तिखटपणा अर्धाच कळायचा.

देखभाल: सकाळी आणि रात्री प्रत्येकी दहा मिनिटं. पिचकारीवालं यंत्र आहे. बोअरच्या जड पाण्यानं त्याची तोटी क्षार धरून बंद पडली, आता आरओचं पाणी घालतो. सहा महिन्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी दाखवायला जातो. हे जाणं-येणं मला आज जमतं. ऐंशीव्या वर्षी जमेल का? याचा विचार मी आधी केला नव्हता, डॉक्टरांनीही काढला नाही.

मांजराकाठ, एक विचारतो, राग मानू नका. तुम्ही तीन डॉक्टरांना विचारलंत, येथे आम्हा सगळ्यांना विचारलंत. वडिलांना विचारलंत का, त्यांना काय खायचं आहे?

लातूरची_सून
गुरुजी, नमस्कार. शेवटच्या वाक्याला माझाही सलाम.

दंतकथा सर, एक शंका. सासूबाई हाडं ठिसूळ झाल्यामुळं आठवड्यातून एक गोळी घेतात, उपाशीपोटी, घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही अशी. दाताच्या डॉक्टरांनी विचारलंच नाही. सांगायची गरज आहे का?

दंतकथा
ताई, सांगायलाच पाहिजे! तुम्ही सांगता ती बहुधा ॲलेंड्रोनेट. ही आणि वर्षातून एकदा सलाइनमधून देतात ते झोलेड्रॉनिक ॲसिड, ही औषधं घेणाऱ्यांत दात काढल्यावर किंवा इम्प्लांटनंतर जबड्याचं हाड उघडं पडून न भरण्याचा धोका असतो. गोळीवाल्यांत तो कमी, कॅन्सरसाठी मोठ्या डोसात घेणाऱ्यांत बराच जास्त. किती वर्षं घेतायत ते दोन्ही डॉक्टरांना सांगा. गोळी आपल्या मनानं बंद करू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचंही तेच. हृदयाच्या डॉक्टरांना न विचारता बंद केली तर दातापेक्षा मोठं संकट.

आकडेमोड
माझा एक बाळबोध प्रश्न. टायटॅनियम तोंडात असलं तर एमआरआय चालतो का? आणि विमानतळावर शिट्टी वाजते का?

दंतकथा
एमआरआय चालतो, टायटॅनियमला चुंबक ओढत नाही. त्या जागेचं चित्र थोडं बिघडतं, एवढंच. विमानतळावर सहसा वाजत नाही.

उसाचा_रस
आणि अस्थी सावडताना?

किनवटकर
टायटॅनियम १,६६८ अंशाला वितळतं. सरण तेवढं तापत नाही. तेव्हा वारसांनी राखेत नीट बघावं, ९४ क्विंटल सोयाबीन आहे तिथं.

लातूरची_सून
अहो काय हे! इथं ज्येष्ठ लोक वाचूलालेत.

निवृत्त_हेडमास्तर
वाचतो आहे. नातवाला सूचना देऊन ठेवली.

मांजराकाठ
सगळ्यांचे आभार. आठवडाभर गावाकडे होतो म्हणून उशीर.

दंतकथा सर, एचबीएवनसी ८.९ निघाला. तंबाखू... सदऱ्याच्या खिशात पुडी सापडली. आईला माहीत होतं, मलाच नव्हतं. खालचे दात दाखवले. समोरचे बरेच हलतात, पण उजवा-डावा सुळा डॉक्टरांच्या मते अजून घट्ट आहेत.

गुरुजी, राग कसला. दादांना विचारलं. (वडिलांना आम्ही दादा म्हणतो.) ते म्हणाले, वरची कवळी मला त्रास देत नाही, तिला हात लावू नका. खालची उडते, तिचं काहीतरी करा. आणि तोंडात कायमचं काही नको, मला ते काढून हातात घेऊन धुवायला आवडतं. पाच लाख ऐकल्यावर म्हणाले, एवढ्यात शेतातली विहीर गाळ काढून बांधून होते.

आता फक्त खालच्या जबड्याचं काय करता येईल? कमीत कमी?

दंतकथा
दादांनी नेमकं मुद्द्यावर बोट ठेवलं. वरची कवळी टाळूला हवा ओढून चिकटते. खालची नुसती नालेच्या आकाराच्या कडेवर टेकलेली असते, वर जीभ तिला सतत ढकलते, आणि दात गेल्यावर खालचं हाड वरच्यापेक्षा बरंच जास्त झिजतं. म्हणून तक्रार कायम खालच्या कवळीची.

यावर २००२ मध्ये कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी मत दिलं होतं, की बिनदाताच्या खालच्या जबड्याला नुसती कवळी हा पहिला पर्याय धरू नये, किमान दोन इम्प्लांटवर बसणारी कवळी द्यावी. समोर दोन इम्प्लांट, त्यावर बटणं, कवळी टच्कन बसते आणि हवी तेव्हा निघते. खर्च फिक्स दातांच्या कितीतरी खाली. बटणातली नायलॉनची टोपी झिजते, साधारण वर्षा-दीड वर्षानं बदलायची, दहा मिनिटांचं काम, फार महाग नाही.

सुळे खरंच घट्ट असतील तर त्याहून स्वस्त एक रस्ता आहे. सुळ्यांचं रूट कॅनॉल करून ते हिरडीबरोबर कापायचे आणि वरून कवळी. मुळं राहिली की तिथलं हाड टिकतं. मात्र रोज घासावी लागतात, नाहीतर किडतात.

आणि काहीही करायच्या आधी साखर. ८.९ वर मी तरी ड्रिल हातात घेणार नाही. सातच्या जवळ आणा, तोवर हलणारे दात काढून हिरडी भरू द्या. पुडीचं काय करायचं ते तुम्ही आणि आई बघा, मी फक्त एवढंच सांगतो की तंबाखूवाल्याचं इम्प्लांट निकामी व्हायचं प्रमाण जास्त असतं.

स्पष्टवक्ता_जालना
हे पटलं. दोनात भागत असेल तर आठ कशाला. मी पहिल्यापासून हेच सांगत होतो.

गोदाकाठ
तुम्ही पहिल्यापासून हिरड्यांनी मटण सांगत होता.

पैठणी
काढता येणारी कवळी घ्यायला सांगण्यामागं आणखी एक कारण आहे. उद्या माणूस अंथरुणाला खिळला, हात थरथरू लागले, तर तोंडातले फिक्स दात दुसऱ्यानं साफ करणं फार कठीण. कवळी काढून कुणीही धुऊ शकतं. माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा हे बघितलंय. गुरुजींनी ऐंशीव्या वर्षाचं विचारलं तेच.

आकडेमोड
संभाजीनगरला घाटीच्या (सरकारी दवाखान्याच्या) परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात एकदा दाखवून या. कवळीचं काम तिथं नाममात्र शुल्कात होतं, विद्यार्थी करतात पण प्राध्यापक तपासतात. वेळ लागतो, खेपा होतात. दोन इम्प्लांटचं काय होईल ते तिथंच विचारा. निदान चौथं मत तरी असं मिळेल ज्याला तुमच्याकडून काही विकायचं नाही.

हुरडा_आणि_गूळ
मग यंदाच्या पौषात दादा हुरडा खाणार की नाही?

मांजराकाठ
यंदा नाही. साखर खाली यायला दोन-तीन महिने, दात काढून हिरडी भरायला तेवढेच. आईनं पुडी जप्त केलीय, त्यामुळं घरात सध्या वातावरण तंग आहे. पुढच्या सोमवारी संभाजीनगरला जातोय, सुळ्यांचा एक्स-रे काढून आणतो आणि इथं लिहितो.

किनवटकर
डॉक्टरसाहेब, धागा संपत आलाय तर माझं पण एक. समोरचा एकच दात गेलाय, मोटारसायकलवरून पडलो होतो. शेजारचे दोन दात घासून ब्रिज करू का एक इम्प्लांट?

दंतकथा
किती वर्षं झाली पडून? शेजारचे दात धड असतील तर घासू नका. बाकीचं वेगळा धागा काढून विचारा, इथं दादांचा एक्स-रे यायचाय.